मे सोसतं, ते ऑगस्टमध्ये का मरतं?

वऱ्हाडात बाग करायची म्हटली की सल्ला ठरलेला असतो: कमी पाण्यावर जगणारं काहीतरी लावा. सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो; २०२४च्या मे महिन्यात तर उष्णतेच्या लाटेमुळे जिल्ह्यात जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. म्हणून झाडाची परीक्षा उन्हाळ्यातच होते, असं आपण धरून चालतो. पण आपली काळी माती दुसरी परीक्षा पावसाळ्यात घेते. चिकणकणांनी भरलेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. झड लागली की मातीतली हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरतात आणि बुरशीचं फावतं. मूळची मादागास्करची सदाफुली उन्हाला जुमानत नाही, पण पाणी तुंबलं की बुडापासून सडते. ‘अवर्षणात टिकणारी’ म्हणून आणलेली अनेक झाडं अशी ऑगस्टमध्ये जातात आणि आपण नर्सरीवाल्याला बोल लावतो.

पूर्णेच्या खोऱ्यात तिसरी परीक्षाही आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या भागातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं. नळाचं पाणी काही दिवसांआड येणार असेल, तर झाडाच्या वाट्याला बोअरचंच येतं. तेव्हा वऱ्हाडातल्या फुलझाडाला मेचं ऊन, ऑगस्टचा चिखल आणि खारं पाणी असं तिन्ही सोसता आलं पाहिजे. या तिन्हींत उतरणारं झाड म्हणजे आपली जुनी कण्हेर. गुलाबी, लाल किंवा पांढरी. तिचं रहस्य तिच्या मूळ वस्तीत आहे. भूमध्य समुद्रापासून भारतापर्यंत ती रानात वाढते ती मुख्यतः ओढ्या-नाल्यांच्या पात्रांत. तिथे चार दिवस पूर आणि मग कित्येक महिने कोरडे गोटे. पुरात उभं राहायचं आणि नंतर तहान सोसायची, हे दोन्ही तिला ठाऊक आहे. पानाची रचनाही तशीच आहे. वर जाड मेणचट थर आणि श्वसनाची छिद्रं पानाच्या खालच्या बाजूला, लव असलेल्या खळग्यांत दडलेली. त्यामुळे गरम वारा तिथली ओल सहज ओढू शकत नाही. खारेपणही ती इतर अनेक शोभेच्या झुडपांपेक्षा जास्त सोसते.

तरी ती अजिंक्य नाही. काळ्या मातीत खोल खड्डा करून त्यात भुसभुशीत माती भरली, तर त्या खड्ड्याचा हौद होतो आणि पावसाचं पाणी त्यातच साचून राहतं. त्याऐवजी मुरूम आणि शेणखत मिसळून वीतभर उंच वरंबा करावा आणि त्यावर रोप लावावं. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी सहज मुळं धरते. पहिल्या उन्हाळ्यात नेमानं पाणी द्यावं. पुढे क्वचित, पण भरपूर. रोज शिंतोडे मारले की मुळं वरच्यावर राहतात. बुडाशी कुटार पसरावं. फुलं नव्या शेंड्यांवर येतात, म्हणून थंडी सरताना हलकी छाटणी करावी.

मोठा आक्षेप विषाचा, आणि तो रास्त आहे. कण्हेरीच्या पाना-फुला-काडीत हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालणारी द्रव्यं असतात. शेळ्या-गुरं दारात असतील, लहान मूल दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयाचं असेल, तर कण्हेर लावू नये. तिथे वाद नको. छाटलेल्या फांद्या गोठ्याकडे टाकू नयेत, शेकोटीत किंवा चुलीतही नाहीत, कारण धूरही बाधतो. घरगुती औषध म्हणून तर तिच्याकडे पाहूच नये. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तितकीच विषारी. तिच्या बिया मुलांच्या हाती सहज लागतात, म्हणून मी तिची शिफारस करत नाही. पण कुंपणालगत, गुरांच्या तोंडाच्या पलीकडे लावलेली कण्हेर आपणहून कोणाच्या अंगावर येत नाही, आणि याच विषामुळे मोकाट जनावरं तिच्या वाटेला जात नाहीत.

दुसरा आक्षेप असा की हे तर महामार्गाच्या दुभाजकावरचं झाड, बागेत कशाला? मला तर हीच शिफारस वाटते: डांबराच्या धगीत जे फुलतं, त्याला अंगण जड नाही. तिसरा आक्षेप मधमाश्यांचा, आणि तो मान्यच करायला हवा. कण्हेरीच्या फुलात मध नसतो. पानांवर मात्र पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेलं एक काळपट तपकिरी फुलपाखरू अंडी घालतं. त्याचा कोष धातूसारखा चकाकतो आणि तो सापडला की मुलांना दुरूनच दाखवावा. मधासाठी शेजारी कोरांटी लावावी. ती इथलीच आहे, काटक आहे आणि पावसाळा सरताना फुलते.

यंदाच्या पावसात अंगणात पाणी कुठे साचलं होतं, हे दिवाळीपर्यंत तरी लक्षात असतं. ती जागा आत्ताच खुंटी ठोकून सोडून द्या, वरंबा दुसरीकडे घाला आणि काडी पुढच्या जुलैत लावा.