शस्त्रक्रिया अन्ननलिकेची, मग आवाज का बसतो?

अन्ननलिकेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर काही रोग्यांचा आवाज घोगरा होतो किंवा कुजबुजल्यासारखा येतो. शल्यविशारदाने तर स्वरयंत्राला हातही लावलेला नसतो. मग असे का व्हावे? याचे उत्तर एका मज्जातंतूच्या आडवळणी वाटेत आहे.

स्वरतंतू हलवणारा हा मज्जातंतू मेंदूकडून येताना व्हेगस या मोठ्या मज्जातंतूच्या सोबतीने स्वरयंत्राच्या शेजारून सरळ खाली उतरतो. डावीकडचा छातीत जाऊन महारोहिणीच्या कमानीला खालून वळसा घालतो आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांमधल्या खोबणीतून पुन्हा वर चढतो. उजवीकडचा हाताकडे जाणाऱ्या रोहिणीखालूनच माघारी फिरतो. म्हणून त्याचे नाव 'रिकरंट', म्हणजे परत फिरणारा. दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने जिवंत डुकराचे हे मज्जातंतू आवळून त्याचे ओरडणे बंद पडते, हे लोकांसमोर दाखवले होते. माशांसारख्या आपल्या पूर्वजांना मान नव्हती, तेव्हा ही वाट जवळचीच होती. पुढे मान लांबली, हृदय छातीत सरकले आणि रक्तवाहिनीखाली अडकलेला मज्जातंतू तिच्याबरोबर ओढला गेला. जिराफात तर त्याची लांबी काही मीटर भरते!

आता शल्यविशारदाची अडचण पाहा. हा कर्करोग लसिका ग्रंथींत लवकर पसरतो आणि त्यांतल्या काही ग्रंथी या मज्जातंतूला अगदी लगटून असतात. त्या ठेवाव्यात तर रोग मागे राहण्याची भीती, काढाव्यात तर मज्जातंतू दुखावण्याची. तो कापलाच जायला हवा असेही नाही. नुसता ताण बसला किंवा रक्तस्राव थांबवणाऱ्या विद्युत उपकरणाची आच लागली, तरी पुरते. छातीत खोलवर गेलेला डावा मज्जातंतू अधिक वेळा दुखावतो.

बसलेला आवाज ही त्यातली लहान अडचण. भरलेली बादली उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो, ते स्वरतंतू एकमेकांना भिडल्यामुळे. गिळतानाही ते असेच मिटतात. एक स्वरतंतू लुळा पडला की फट राहते आणि पाण्याचा घोट फुप्फुसाकडे जातो. खोकून तो बाहेर टाकावा, तर खोकण्याआधीही हवा कोंडावी लागते! त्यातून होणारा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. दोन्ही स्वरतंतू लुळे पडले तर श्वासच अडतो आणि गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागते.

मज्जातंतू अखंड असेल तर बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारणा होते. तोवर हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला शिकवतात, पातळ पदार्थ दाट करून देतात. इंजेक्शनने लुळ्या स्वरतंतूत भर घालून तो मध्याकडे सरकवताही येतो. दोष कायमचा असेल, तर बाहेरून कूर्चेत खिडकी पाडून तोच परिणाम साधण्याची रीत जपानच्या इशिकी यांनी १९७४ मध्ये मांडली.

काही रोग्यांना पाणी चुकीच्या वाटेने गेले तरी ठसकाच लागत नाही. म्हणून आवाज बसलेला दिसला, की तोंडाने घोट देण्याआधी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू हलतात की नाही ते पाहून घेणे बरे.