आमवाताचं निदान : आधी हात, मग रिपोर्ट

आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या (आरए), निदानाचा आढावा घेताना बहुतेकजण रक्ततपासणीचीच वंशावळ सांगतात. ती आधी उरकून टाकतो. १९४० साली नॉर्वेत वालर यांना आणि १९४८ साली अमेरिकेत रोझ यांना या रुग्णांच्या रक्तात जो घटक जाणवला, तोच आपला ‘आरए फॅक्टर’. १९५६च्या लेटेक्स चाचणीमुळे तो गल्लीतल्या लॅबपर्यंत पोचला. १९८७चे अमेरिकन निकष मुरलेल्या आजाराला छान लागू पडत. पण त्वचेखालच्या गाठी आणि एक्स-रेवरची हाडाची झीज दिसेपर्यंत सुरुवात कधीच सरलेली असे. १९९८च्या सुमारास अँटी-सीसीपी या दुसऱ्या रक्तचाचणीची वाट खुली झाली, २०१०मध्ये नवे निकष आले. सोनोग्राफी आणि एमआरआयबद्दल सेमिनारांतून पुष्कळ बोललं जातं. इथे पुन्हा नको.

मला बोलायचंय ते हाताबद्दल. विद्यार्थी असताना आमचे सर वॉर्डात केसपेपर उघडू देत नसत. रुग्णाचे दोन्ही हात आपल्या हातात घ्यायचे आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आडवे, हलके दाबायचे. आमवाताच्या आरंभी एवढ्यानेही रुग्ण कळवळतो. मग एकेका सांध्यावर अंगठे ठेवून सूज चाचपायची. वयोमानाच्या झिजेत नखाजवळची पेरं टणक, गाठाळ होतात. आमवाताची सूज मऊ, अंगठ्याखाली दबणारी, आणि नखाजवळची पेरं ती सहसा सोडून देते. पायाच्या बोटांची मुळंही अशीच दाबायची. ‘सकाळी चालताना तळव्याखाली खडे टोचतात,’ असं सांगणाऱ्या बाईचे पाय न पाहता तिला कॅल्शियमच्या गोळ्या देणं मला आजही सहन होत नाही.

प्रश्नही तसेच नेमके हवेत. ‘सांधे दुखतात का?’ याला सगळेच ‘हो’ म्हणतात. सकाळी मूठ वळते का? वेणी घालता येते का? ब्लाउजची हुकं लावायला, कणीक मळायला किती वाजतात? हात मोकळे व्हायला अर्ध्या तासाहून अधिक लागत असेल आणि कामाला लागल्यावर बरं वाटत असेल, तर कान टवकारायचे. हा आजार बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट अधिक होतो, म्हणून हे प्रश्न स्वयंपाकघरातून यावेत यात नवल नाही.

‘फॅक्टर निगेटिव्ह, म्हणजे आमवात नाही’ असं ठासून सांगणारे आमच्या व्यवसायात अजून आहेत. आरंभी तर कितीतरी खऱ्या रुग्णांत फॅक्टर सापडत नाही. उलट क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, इतकंच काय, धडधाकट म्हाताऱ्यांतही तो सापडतो. दुसरा पक्ष २०१०चे निकष कायद्याच्या कलमांसारखे वाचतो : दहापैकी सहा गुण भरले नाहीत, तर आजार नाही. समजा, एका बाईच्या हाताचे चार लहान सांधे सुजलेले, ईएसआर वाढलेला, सहा आठवडे उलटलेले, पण दोन्ही रक्तचाचण्या निगेटिव्ह, तर बेरीज पाचच होते. म्हणून तिला परत पाठवायचं? ते निकष मुख्यतः संशोधनासाठी रुग्णांची वर्गवारी करण्याकरता केलेले आहेत. आणि त्यांची पहिली अटच अशी की, तपासताना निदान एक सांधा सुजलेला आढळावा आणि त्या सुजेला दुसरं कारण नसावं. गुण मोजण्याआधी हात धरावाच लागतो.

आपल्याकडे निदानाच्या या गोंधळात चिकुनगुन्याची भर पडली. २००६च्या साथीनंतर हुबेहूब आमवातासारखे सुजलेले हात घेऊन माणसं यायची. बहुतेकांची सूज ओसरली, काहींची रेंगाळली. अशा वेळी तापाचा इतिहास विचारणं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासणं हाच मार्ग. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६पासून भिगवणला घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आमवात आढळला. त्या पाहणीचा पायाही विचारणं आणि तपासणं हाच होता.

आज रुग्ण ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’चा कागद घेऊनच आत येतो. त्यात युरिक अ‍ॅसिड असतं, प्रौढांच्या सांधेदुखीत सहसा निरुपयोगी असलेलं एएसओ असतं, आणि हात मात्र कोणीच पाहिलेले नसतात. तोवर कुठेतरी स्टेरॉइडची पुडी सुरू झालेली असते. सूज दबते, निदान आणखी लांबतं. पहिल्या तीन महिन्यांत मेथोट्रेक्झेटसारखं औषध सुरू झालं तर सांधे वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, हे नेदरलँड्समध्ये लायडनला १९९३ साली उघडलेल्या क्लिनिकसारख्या, मुद्दाम नव्या सांधेसुजेसाठीच्या क्लिनिकांमुळे जगाला पटलं. आपण ते महिने रिपोर्टांच्या रांगेत घालवतो.

वाचकांना एवढंच सांगणं : बोटं सुजत असतील आणि सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडलेली राहत असतील, तर सहा आठवडे उलटायची वाट पाहू नका. संधिवाततज्ज्ञाकडे जा, आणि फाइल देण्याआधी दोन्ही हात पुढे करा.