पुढे काय झालं?

पुस्तक हातात घेतले की डोळे मिटतात, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. अक्षरे जुळवता जुळवता माणूस थकतो, हे खरे आहे. त्यावर माझ्याजवळ एक औषध आहे. औषधाचे नाव 'कोमा'.

ही कादंबरी अमेरिकेतली, १९७७ सालची. लिहिणारा रॉबिन कुक हा डोळ्यांचा डॉक्टर. गेल्या थंडीत आमच्या देवळात मी ती रोज रात्री थोडी थोडी वाचून सांगत असे.

गोष्ट अशी. बोस्टन शहरात एक मोठे इस्पितळ. एक तरुण बाई लहानशा ऑपरेशनसाठी येते. ऑपरेशन होते, पण बाई जागी होत नाही. नाडी चालते, पण शुद्ध नाही. ह्यालाच कोमा म्हणतात. मग गुडघ्याच्या ऑपरेशनला आलेला एक धडधाकट गडीही तसाच पडतो. मोठे डॉक्टर गप्प. पण सूझन नावाची, डॉक्टरकी शिकणारी एक मुलगी विचारते, "असं का?" ती जुने कागद धुंडाळते. तिला दिसते, असे रोगी एकाच खोलीतून आले आहेत. आठ नंबरची खोली!

इथे मी पुस्तक मिटायचो. मग काय विचारता! "मास्तर, आठ नंबरात काय आहे ते सांगून जा!" एक म्हणे, भूलवाल्याचं काम. दुसरा म्हणे, भुताटकी. जो तो पोलीस झाला होता. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या लोकांनी वाचल्या त्या ह्याच ओढीने. खुणा आपल्यासमोरच असतात, आणि आपण त्या ओलांडून पुढे जातो.

गुपित फोडू नये, असा नियम आहे. मी तो मोडतो. कारण ते गुपित आपल्या घरातही आहे.

त्या खोलीत प्राणवायूच्या नळीतून दुसराच वायू सोडत. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. कोंडलेल्या जागेत कोळसा किंवा लाकूड जळाले की तो साठतो. आपले रक्त प्राणवायूपेक्षा ह्या वायूला २०० पटींहून अधिक घट्ट धरते. मग मेंदूला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, झोप येते. झोपलेला माणूस झोपेतच जातो. ओरडतसुद्धा नाही.

हे सांगितले त्या रात्री कोणी बोलेना. जुन्नर-आंबेगावची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. एका घरी बाळंतीण होती. दार-खिडकी लावून आत रात्रभर शेगडी. तिच्या सासूबाई मुकाट्याने उठल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी कळले. सून दोन दिवस "डोकं जड झालंय" म्हणत होती. सगळ्यांना वाटले, बाळंतपणाचा अशक्तपणा. शेगडी बाहेर काढली, खिडकी उघडली, आणि सकाळपर्यंत डोके हलके झाले.

शेक द्यायचाच तर दार-खिडकी उघडी ठेवा. निजण्याआधी निखारे घराबाहेर न्या. खिडकीची नुसती फट पुरत नाही. कोणाला गरगरले, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या. १०८ नंबर लावला की गाडी येते.

त्या रात्री सासूबाई सगळ्यांच्या आधी देवळात येऊन बसल्या होत्या. मी चष्मा पुसत होतो.

"ते राहू द्या मास्तर," त्या म्हणाल्या, "ती सूझन सुटली का, ते आधी सांगा."