बटण, पण कशाचं?

वीजबिल भरायचं एखादं ॲप डोळ्यांसमोर आणा. वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली ग्राहक क्रमांकाची चौकट, शेजारी प्रश्नचिन्हाचा छोटा गोल, मग वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा आणि तळाशी मोठं हिरवं बटण. डोळस माणसाला यातलं काय कशासाठी आहे हे एका नजरेत कळतं. अंध ग्राहकाच्या फोनवर हेच ॲप पुष्कळदा असं ऐकू येतं : ‘इमेज. एडिट बॉक्स. अनलेबल्ड बटण. इमेज. एडिट बॉक्स. अनलेबल्ड बटण.’ यातल्या कोणत्या बटणाने बिल भरलं जाईल? फोन सांगू शकत नाही, कारण ॲप बनवणाऱ्याने ते त्याला सांगितलेलंच नसतं.

अशा जागा शोधून काढणं आणि दुरुस्त करून घेणं हा आता सॉफ्टवेअर क्षेत्रातला स्वतंत्र पेशा आहे. हे काम करणाऱ्यांना ॲक्सेसिबिलिटी (म्हणजे सुगम्यता) टेस्टर किंवा ॲक्सेसिबिलिटी इंजिनिअर म्हणतात. त्यांच्यातले कित्येक जण स्वतः अंध आहेत. ते नेमकं काय करतात, हे याच बिलाच्या ॲपवरून पाहू.

स्क्रीन रीडर काय वाचतो?

संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला स्क्रीन रीडर म्हणतात. विंडोजवर ‘जॉज’ आणि ‘एनव्हीडीए’, ॲपलच्या यंत्रांवर ‘व्हॉइसओव्हर’, अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ ही त्यातली ठळक नावं. एनव्हीडीए मोफत आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियन अंध प्रोग्रॅमरने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं आणि पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला. २००९ मध्ये आयफोनवर व्हॉइसओव्हर आलं आणि अंकांची बटणं नसलेला गुळगुळीत काचेचा फोनही अंधांना वापरता येतो हे सिद्ध झालं.

स्क्रीन रीडर पडद्याचा फोटो काढून तो वाचतो, असा अनेकांचा समज असतो. मुळात काम वेगळ्या रीतीने चालतं. कोणतंही पान पडद्यावर उमटतं तेव्हा त्यातल्या घटकांची एक यादी फोनच्या किंवा ब्राउझरच्या आत तयार होत असते. तिला ‘ॲक्सेसिबिलिटी ट्री’ म्हणतात. या यादीत प्रत्येक घटकाबद्दल मुख्यतः चार गोष्टी नोंदलेल्या असतात : त्याचं नाव काय, तो कोणत्या प्रकारचा आहे (बटण, दुवा, मथळा, चौकट), त्याची आताची स्थिती काय (निवडलेला, बंद, उघडलेला) आणि त्यात काय भरलं आहे. स्क्रीन रीडर ही यादी वाचतो. रंग, आकार, जागा यांवरून डोळे जो अर्थ लावतात, तो या यादीत आपोआप येत नाही. तो कुणीतरी लिहावा लागतो.

वापरणारा या यादीतून फिरतो तरी कसा? फोनवर बोट उजवीकडे सरकवलं की पुढचा घटक, डावीकडे सरकवलं की मागचा, आणि दोनदा टिचकी मारली की तो घटक सुरू. संगणकावर एनव्हीडीएमध्ये ‘एच’ दाबलं की पुढचा मथळा, ‘के’ दाबलं की पुढचा दुवा, ‘बी’ दाबलं की पुढचं बटण. सराव झालेले लोक आवाजाचा वेग इतका वाढवतात की शेजारच्याला एक शब्द समजत नाही. म्हणूनच अनेकांना माणसासारख्या गोड आवाजापेक्षा ‘ईस्पीक’सारखा यांत्रिक, कोरडा आवाज आवडतो. वेग वाढवला तरी तो स्पष्ट राहतो.

टेस्टरची फेरी

आता आपलं बिलाचं ॲप टेस्टरच्या हाती देऊ. तो टॉकबॅक सुरू करून पहिल्या घटकापासून शेवटच्यापर्यंत बोट सरकवत जातो. एकही घटक सुटू द्यायचा नाही आणि काय ऐकू आलं ते टिपत जायचं, ही पहिली फेरी.

पहिली अडचण बिननावाची बटणं. प्रश्नचिन्हाच्या गोलावर ‘ग्राहक क्रमांक कुठे सापडेल?’ असं नाव हवं. बिल भरण्याच्या बटणावर ‘बिल भरा’ हे शब्द नुसते चित्रात रंगवलेले असतील, तर यादीत ते येत नाहीत. दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते. अँड्रॉइडच्या ॲपमध्ये त्या चित्राला वर्णनाचा मजकूर जोडायचा, वेबपानावर खरंखुरं बटण वापरून त्यात अक्षरं लिहायची. अनेक डेव्हलपर साध्या चौकोनाला रंग देऊन त्याचं बटण करतात. दिसायला फरक नसतो, पण यादीत त्याची नोंद बटण म्हणून होत नाही आणि कीबोर्डने तिथे पोचताही येत नाही.

दुसरी अडचण चौकटींची. ‘ग्राहक क्रमांक टाका’ हे शब्द चौकटीच्या आतच फिकट अक्षरांत लिहिण्याची फॅशन आहे. टाइप करायला लागलं की ते नाहीसे होतात. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाच नव्हे, विसरभोळ्या कुणालाही मग प्रश्न पडतो की इथे काय भरायचं होतं. नाव चौकटीबाहेर, कायम दिसेल असं ठेवायचं आणि कोडमध्ये ते त्या चौकटीशी जोडायचं, हा उपाय.

तिसरी अडचण चूक दाखवणाऱ्या सूचनेची. क्रमांकातला एक आकडा राहिला तर चौकटीची कड लाल होते. बस्स, एवढंच. अंध ग्राहकाला काहीच कळत नाही, आणि ज्याला लाल-हिरवा फरक ओळखता येत नाही त्यालाही नाही. चूक काय आहे ते शब्दांत लिहायला हवं आणि ते शब्द स्क्रीन रीडरने लगेच बोलावेत अशी कोडमध्ये खूण करायला हवी. बिल भरल्यावर येणाऱ्या ‘पैसे जमा झाले’ या संदेशालाही हेच लागू. तो गप्पच उमटला तर माणसाने पुन्हा ‘बिल भरा’ दाबण्याची भीती असते.

चौथी अडचण कॅप्चा आणि ओटीपी. मुद्दाम विद्रूप केलेली अक्षरं कोणत्याही प्रोग्रॅमला वाचता येऊ नयेत म्हणूनच तर बनवलेली असतात, आणि स्क्रीन रीडरही प्रोग्रॅमच. सोबत ऐकण्याचा पर्याय हवा, आणि बहिऱ्या-अंध व्यक्तीचा विचार केला तर त्याहून वेगळा तिसरा मार्गही हवा. ओटीपीची वेळ संपण्याआधी संदेशांच्या ॲपमध्ये जाऊन, आकडे ऐकून, परत येऊन ते भरायचे असतात. म्हणून वेळ वाढवून घेण्याची सोय द्यावी लागते.

दुसऱ्या फेरीत टेस्टर आवाज बंद करतो आणि त्याच कंपनीची वेबसाइट नुसत्या कीबोर्डवर चालवतो. ज्यांना माऊस धरता येत नाही, जे तोंडात काठी धरून किंवा एकाच स्विचवर संगणक चालवतात, त्यांच्यासाठी ही परीक्षा. टॅब दाबत गेल्यावर आपण कुठे आहोत ते ठळक दिसतं का? उघडलेल्या खिडकीतून बाहेर पडता येतं, की तिथेच अडकायला होतं?

तिसरी फेरी अधू दृष्टीच्या लोकांसाठी. मजकूर मोठा केला की अक्षरं एकमेकांवर चढतात का? अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक पुरेसा आहे का? हा फरक मोजता येतो. शुद्ध पांढऱ्यावर शुद्ध काळं अक्षर असेल तर ते प्रमाण २१ : १ भरतं. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ हवं असा नियम आहे. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं इथे नापास होतात. ॲपमध्ये माहितीचा व्हिडिओ असेल तर त्याला कॅप्शन आहेत का, हे बहिऱ्या ग्राहकांसाठी पाहिलं जातं.

नियमपुस्तक आणि यंत्राची मर्यादा

हे नियम टेस्टरच्या मनाचे नसतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेचं ‘डब्ल्यूसीएजी’ हे मार्गदर्शक जगभर प्रमाण मानलं जातं. त्याची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली, दुसरी २००८ मध्ये, त्यानंतर २.१ ही २०१८ मध्ये आणि २.२ ही २०२३ मध्ये. त्याचा गाभा चार कसोट्यांत आहे : माहिती कोणत्या ना कोणत्या इंद्रियाने कळली पाहिजे, ती वापरता आली पाहिजे, समजली पाहिजे आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकली पाहिजे. भारतात याच धर्तीवर भारतीय मानक ब्यूरोचं ‘आयएस १७८०२’ हे मानक आहे.

नियम इतके नेमके असतील तर तपासणी यंत्रावरच का सोपवू नये? स्वयंचलित तपासणीची साधनं आहेत आणि टेस्टर ती आधी चालवतोच. चित्राला वर्णन नाही, रंगांचं प्रमाण कमी आहे, हे यंत्र क्षणात दाखवतं. पण चित्राचं वर्णन म्हणून कुणी ‘फोटो १’ असं लिहिलं तर यंत्र समाधानी होतं. वर्णन खरं आहे का, क्रम समजण्यासारखा आहे का, बिल शेवटपर्यंत भरता येतं का, हे माणसालाच ठरवावं लागतं. टेस्टरच्या अहवालात म्हणून प्रत्येक अडचणीसाठी या गोष्टी असतात : कोणत्या पायरीवर ती आली, काय ऐकू यायला हवं होतं, प्रत्यक्षात काय आलं, कोणता नियम मोडला आणि काम पूर्ण अडतं की नुसता त्रास होतो. दुरुस्ती झाली की पुन्हा तीच फेरी.

मराठीची स्वतःची दुखणी

मराठी मजकुराला आणखी काही अडथळे आहेत. जुन्या मराठी फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने अक्षरं इंग्रजीचीच असत, फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. डोळ्यांना तो मजकूर मराठी दिसतो, स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ वाचतो. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडमुळे हा प्रश्न नव्या मजकुरापुरता सुटला, जुन्या फायली तशाच आहेत. दुसरा अडथळा कागद स्कॅन करून केलेल्या पीडीएफचा. सहीशिक्क्यासह चढवलेली सूचना म्हणजे निव्वळ एक फोटो. त्यातलं एक अक्षरही थेट स्क्रीन रीडरपर्यंत पोचत नाही.

तिसरं, पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवावं लागतं. ते राहून गेलं की देवनागरी मजकूर हिंदी किंवा इंग्रजी आवाजाच्या हाती जाऊ शकतो. मराठी आवाजापुढेही कोडी असतातच. ‘चहा’तला आणि ‘चमचा’तला च लिहायला एकच आहे, उच्चाराला नाही. अक्षराकडे पाहून यंत्राला तो ओळखता येत नाही, शब्द माहीत असावा लागतो.

आवाजातून अर्थ कसा पोचवावा या प्रश्नावर महत्त्वाचं काम करणारा एक संशोधक पुण्याचाच आहे. टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४ मध्ये पूर्ण केलेल्या पीएचडीत त्यांनी गणिती सूत्रं ऐकवणारी ‘ॲस्टर’ ही प्रणाली बनवली. तिच्यात घातांक चढ्या आवाजात ऐकू येतो, म्हणजे कागदावर जे वर लिहिलेलं असतं ते कानालाही वर जाणवतं. पुढे गूगलमध्ये अँड्रॉइड फोन अंधांना वापरता यावा यासाठीच्या सुरुवातीच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता.

उपकार की हक्क?

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञान त्यांना वापरता यावं ही जबाबदारी शासनावर आणि सेवा देणाऱ्यांवर टाकली. तरी बँकेचं खातं उघडताना ‘डोळे मिचकावा’ अशी सूचना येत राहिली. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या, पापण्या न उरलेल्या व्यक्तीने काय मिचकावायचं? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिल २०२५ रोजी ‘प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि डिजिटल केवायसी (ग्राहकाची ओळख पटवण्याची प्रक्रिया) सुगम करण्यासाठी वीस निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय देणं आणि प्रमाणित तज्ज्ञांकडून ठरावीक काळाने सुगम्यतेची तपासणी करून घेणं हेही त्यांत आहे. म्हणजे ज्या टेस्टरच्या फेऱ्या आपण पाहिल्या, त्यांना आता कायद्याचं बळ आहे.

खर्चाची तक्रार हमखास होते. बटण बनवतानाच त्याला नाव द्यायला क्षणभर लागतो. ॲप लाखो फोनांवर गेल्यावर तेच काम करायचं तर तपासणी, अहवाल, दुरुस्ती आणि नवी आवृत्ती एवढा व्याप होतो. महाग पडते ती सुगम्यता नव्हे, ती शेवटी आठवण्याची सवय.

आपल्यापैकी बहुतेकांना कोड लिहायचा नसतो, पण मजकूर सगळेच पाठवतात. सोसायटीची सूचना फोटोऐवजी अक्षरांत लिहा, मराठी युनिकोडमध्ये टाइप करा, चित्र टाकलंत तर त्याखाली एका वाक्यात ते काय आहे ते सांगा. आणि संस्थेची किंवा दुकानाची वेबसाइट कुणाकडून बनवून घेत असाल, तर पैसे चुकते करण्याआधी त्याला एवढंच विचारा : स्क्रीन रीडर लावून, पडद्याकडे न बघता, ही शेवटपर्यंत चालवून पाहिली आहे का?