पिल्लाला जुलाब : थांबावे केव्हा, धावावे केव्हा?

आठ आठवड्यांचे पिल्लू नव्या घरी आले की पहिल्या चार-पाच दिवसांत त्याचे पोट हमखास बिघडते. आईपासूनची ताटातूट, प्रवास आणि एकाएकी बदललेले खाणे एवढी कारणे त्याला पुरतात. शी पातळ असली, तरी पिल्लू खेळत असेल, पाणी पीत असेल, वाटी दिसताच धावत येत असेल, तर एखादा दिवस थांबण्यास हरकत नाही. एरवीही जुने खाणे बंद करून नवे सुरू करताना आठवडाभर दोन्हींचे मिश्रण द्यावे.

मात्र जुलाबांच्या जोडीला उलट्या सुरू झाल्या, शीत रक्त दिसले किंवा पिल्लू निपचित पडून राहू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. इवल्याशा देहातील पाणी काही तासांतच घटते. हिरड्यांना बोट लावून पाहावे. त्या कोरड्या, चिकट किंवा पांढुरक्या वाटल्यास रात्रीही उघड्या असणाऱ्या पशुरुग्णालयाकडे निघावे. मानेवरची कातडी चिमटीत धरून पाहण्याची खूण पिल्लांच्या बाबतीत फसवी ठरू शकते, कारण त्यांची कातडी मुळातच सैल असते.

या घाईमागचे मुख्य कारण म्हणजे पार्व्हो. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आतड्याच्या अस्तरावर घाला घालतो आणि पांढऱ्या पेशीही घटवतो. सहा आठवडे ते सहा महिने वयाच्या पिल्लांना त्याचा धोका सर्वाधिक. तो जमिनीत अनेक महिने तग धरतो आणि चपला-बुटांबरोबरही घरात येतो. ‘लस दिलेली आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर अनेक कुटुंबे निर्धास्त राहतात, आणि गफलत होते ती इथेच. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सुरुवातीच्या लशी निष्प्रभ करू शकतात. म्हणूनच किमान सोळा आठवड्यांपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा द्याव्या लागतात. एका मात्रेने संरक्षण पुरे होत नाही. उपचारांचा मुख्य आधार आजही सलाईन आणि उलटीरोधक औषधे हाच आहे. 2023 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने पार्व्होवरील प्रतिपिंड-औषधाला सशर्त मान्यता दिली. तेही वेळेवर पोहोचलेल्यांच्याच कामी येणार.

जंत हे दुसरे नेहमीचे कारण. दिसायला स्वच्छ, गुबगुबीत पिल्लांच्या पोटातही ते असतात.

मराठी घरांत पोट बिघडले की लंघन आणि मग दहीभात ही रीत. पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नये. त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. दुधाने जुलाब वाढू शकतात. डॉक्टरांनी हलके खाणे सांगितले, तर बिनमिठाचा, बिनफोडणीचा भात आणि उकडलेले चिकन थोडेथोडे द्यावे. कांदा, लसूण आणि शिऱ्यातले बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कदापि देऊ नयेत.

निघताना शीचा नमुना पिशवीत घ्यावा, लसीकरणाची नोंदवही सोबत ठेवावी आणि आधी दूरध्वनी करावा. पार्व्होची शंका असल्यास पिल्लाला प्रतीक्षालयात न आणता गाडीतच थांबवायला सांगितले जाते.