तुटलेल्या दाताला नवा कोपरा!

कडक भाकरी आणि शेंगाचटणी! सोलापूरच्या मुलांना वेगळं सांगायलाच नको. भाकरीचा कडाम्‌ आवाज होतो, तुकडे होतात, पण दाताला काही होत नाही. कारण दातावरचं एनॅमल हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे, अगदी हाडापेक्षाही. वजनाने बघितलं तर सुमारे 96 टक्के खनिजच!

पण समजा, गड्ड्याच्या जत्रेत धावताना कुणी तोंडावर आपटलं आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला, तर? मोडलेलं हाड जुळून येतं. एनॅमलचं तसं नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच असतात. गेलेला कोपरा पुन्हा उगवत नाही.

मग डॉक्टर रेझिनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, कोपरा बसवतात. आता तुम्हीच विचार करा. दात गुळगुळीत, त्यात कायम थुंकीने ओला. त्यावर मऊ लगदा लावला तर पहिल्याच घासाला निघून यायला हवा. तो वर्षानुवर्षं टिकतो कसा?

सोलापुरात केगावला दंतमहाविद्यालय आहे. तिथे किंवा तुमच्या जवळच्या दवाखान्यात कधी असा दात दाखवायची वेळ आली, तर हातात आरसा मागून घ्या. आधी डॉक्टर दातावर एक जेल लावतील, बहुतेक वेळा निळ्या रंगाचं. त्यात सुमारे 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल असतं. पंधरा ते तीस सेकंद थांबून ते पाण्याने धुतात, हवेने वाळवतात. आता नीट बघा. चकचकीत दाताचा तेवढाच भाग खडूसारखा पांढरा दिसतो! एनॅमल अतिशय बारीक खनिज-कांड्यांचं बनलेलं असतं. एकेक कांडी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी जाड. आम्लाने त्यांची टोकं कमीजास्त विरघळतात आणि हजारो सूक्ष्म खळगे तयार होतात.

त्या खळग्यांत पाण्यासारखं पातळ रेझिन झिरपतं. मग निळा दिवा! रेझिनमधला एक पदार्थ हा निळा प्रकाश शोषून घेतो आणि सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात. काही सेकंदांत पातळ थेंब घट्ट होतो, आणि खळग्यांत शिरलेली रेझिनची हजारो बोटं तिथेच अडकून बसतात. त्यावर दाताच्या रंगाचं काँपोझिट, म्हणजे बारीक कण मिसळलेलं घट्टसर रेझिन, थोडं थोडं लावायचं आणि प्रत्येक थर दिव्याने पक्का करायचा. एकदम जाड गोळा लावला तर प्रकाश तळापर्यंत पोचत नाही.

ही पकड किती घट्ट? चांगल्या एनॅमलवर एक चौरस सेंटिमीटरला साधारण 200 किलोंचा जोर पेलेल इतकी. म्हणजे ज्वारीची 50 किलोंची चार पोती!

ही युक्ती सुचली अमेरिकेतल्या रोचेस्टरचे दंतवैद्य मायकेल ब्युओनोकोर यांना. कारखान्यांत रंग पक्का बसावा म्हणून धातूवर आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. मग दातावर का नको? 1955 साली त्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचं आम्ल तर 85 टक्क्यांचं होतं! रंगकामातली युक्ती दातांच्या दवाखान्यात आणणारं हे डोकं मला फार आवडतं.

या सगळ्याचा मोठा शत्रू म्हणजे आपली थुंकी. आम्लाने उघडलेल्या खळग्यांवर ती पसरली की रेझिनला आत शिरायला वाट उरत नाही. म्हणून तर डॉक्टर गालात कापूस ठेवतात, दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात आणि "तोंड मिटू नकोस हं" असं पुन्हा पुन्हा बजावतात.

आणि एक लक्षात ठेवा. दाताचा तुटलेला तुकडा सापडला तर फेकू नका. स्वच्छ पाण्यात किंवा दुधात ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. तुकडा चांगला असेल तर याच रीतीने डॉक्टर तुमचाच कोपरा तुम्हाला परत चिकटवून देऊ शकतात.