पारध्यांनी रान संपवलं?

परभणी जिल्ह्यात फासेपारध्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "शिकार होती तोवर यांची चैन होती. वाढत गेले आणि सगळी हरणं खाऊन बसले." शिकलीसवरली माणसंही हे ठासून सांगतात, म्हणून जास्त चीड येते.

गैरसमज : शिकार भरपूर म्हणजे शिकारी भरपूर, आणि शेवटी रान रिकामं.

वस्तुस्थिती : शिकारीवर आणि रानमेव्यावर जगणाऱ्यांकडे सहसा कणगी नसते. त्यामुळे वर्षभरात एकूण किती अन्न मिळालं यापेक्षा सर्वांत वाईट महिन्यात किती मिळालं, याला महत्त्व येतं. आपल्याकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. पावसाळा सरताना माळावर गवताचं बी असतं, किडे असतात, म्हणून तितर-लावेही असतात. वैशाखात माळ करपतो, ओढे आटतात. समजा, एखादं रान कार्तिकात शंभर माणसं पोसतं आणि वैशाखात वीसच. तर तिथे वर्षभर राहू शकणारी माणसं वीसच. म्हणूनच असे समाज लहान टोळ्यांनी, विखरून आणि फिरत जगतात.

त्यात फाशाची रीत बघा. लाव्या-तितरांसाठी घोड्याच्या केसांचे फास ओळीने मांडायचे, पाखरांच्या अंगावर न जाता ती हळूहळू तिकडे वळवायची, मग सगळं गुंडाळून पुढे जायचं. एका फासात एकच पाखरू. शिकार विरळ झाली की एवढे कष्ट परवडत नाहीत. बिऱ्हाड हलतं आणि त्या माळाला उसंत मिळते.

शिवाय फासेपारधी निव्वळ रानावर जगत नव्हते. शिकार गावात देऊन ते धान्य घेत, आणि तेच धान्य त्यांना टंचाईचे महिने काढायला उपयोगी पडे. म्हणजे त्यांचं पोट शेतकऱ्याच्या सुगीशीही बांधलेलं होतं. १९७२सारख्या दुष्काळात रान आणि खळं दोन्ही एकदम आटतात, तेव्हा सगळ्यांत आधी उपाशी कोण राहणार?

मग हरणं कमी कशाने झाली? काळवीट हा मोकळ्या गवताळ माळाचा प्राणी. माळ आणि गायरानं नांगराखाली गेली, जायकवाडीच्या डाव्या कालव्याने जिल्ह्यात बागायत वाढली, आणि फाशांच्या जोडीला बंदुका आल्या. बंदूक कोणाकडे होती, हे गावोगावच्या जुन्याजाणत्यांना विचारा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली. संपवली म्हणतात ती हरणं आज कळपाने सोयाबीन आणि तुरीत उभी असतात.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

"भटके सगळे एकाच शिकारीवर तुटून पडत." माधव गाडगीळ आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी सहकाऱ्यांसह पश्चिम महाराष्ट्रात केलेला, १९८३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचा. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरत. वैदू मुंगसासारखे लहान प्राणी आणि कासवं. फासेपारधी हरणं आणि पाखरं. शिकार वाटून घेतलेली होती.

"हे लोक फक्त मांस खात." आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात शिकारीवर आणि रानमेव्यावरच जगणाऱ्या जु-होआन्सी लोकांतही मानवशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांना १९६०च्या दशकात निम्म्याहून अधिक अन्न वनस्पतींचं आढळलं.

"खायला मिळालं की पोरंच पोरं." त्याच लोकांत दोन मुलांमध्ये साधारण चार वर्षांचं अंतर असल्याचं नॅन्सी हॉवेल यांनी नोंदवलं आहे.

"जन्मजात गुन्हेगार." हा शिक्का १८७१च्या इंग्रजी कायद्याने मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शास्त्राचा त्याला कधीच आधार नव्हता.

ज्यांचं अन्न माळावर होतं त्यांचा माळ आपण नांगरला आणि शिकार कायद्याने थांबवली. कायदा योग्यच आहे, पण त्याबरोबर पर्यायी अन्न देण्याची जबाबदारीही येते. एखादं पारधी कुटुंब गायरानावर जागा मागायला, जातीचा दाखला काढायला किंवा मुलाला शाळेत घालायला आलं, तर ग्रामसभेत त्याच्या आडवे येऊ नका. त्याच्या बाजूने बोला.